पर-सीपीयू काउंटर एक्स८६ वर एका इन्स्ट्रक्शनमध्ये वाढतो, मग बाकीकडे एवढा खटाटोप का?

तुमच्या ड्रायव्हरमधला पॅकेट मोजणारा ॲटॉमिक (मध्ये न तुटता एका दमात वाढणारा) काउंटर कोअर वाढले की मंदावतो. पर-सीपीयू काउंटर, म्हणजे प्रत्येक कोअरला स्वतंत्र काउंटर, घ्यावा तर लिनक्समध्ये तो प्रत्येक आर्किटेक्चरवर वेगळाच लिहिलेला दिसतो. असं का, हा तुमचा प्रश्न.

मंदावण्याचा दोष बेरजेचा नाही. सगळे कोअर एकाच कॅश लाइनवर (कोअरजवळच्या जलद मेमरीतल्या छोट्या तुकड्यावर) लिहितात, आणि लिहिण्याआधी प्रत्येकाला ती लाइन स्वतःकडे ओढून घ्यावी लागते. प्रत्येक कोअरला आपापला काउंटर दिला की ही ओढाताण संपते.

पण मग एक फट उरते. आपला काउंटर कुठे आहे हे शोधलं आणि बेरीज करण्याआधीच शेड्यूलरने (कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाने) काम दुसऱ्या कोअरवर हलवलं तर? किंवा जुना आकडा वाचल्यावर इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारी हाक) आला आणि त्यानेही तोच काउंटर वाढवला तर? एक वाढ गिळली जाते, आणि कुठे एरर वगैरे काही दिसत नाही.

एक्स८६-६४ वर ही फटच नाही. जीएस सेगमेंटचा बेस (पत्ता जिथून मोजायचा तो आरंभबिंदू) त्या कोअरच्या डेटाकडे बोट दाखवतो, त्यामुळे पत्ता काढणं आणि मिळवणं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं. इंटरप्ट इन्स्ट्रक्शनच्या मध्ये घुसत नाही, म्हणून महागडा लॉक प्रिफिक्सही (इन्स्ट्रक्शन इतर कोअरांच्या बाबतीतही अखंड ठेवणारी खूण) लागत नाही. फ्रीबीएसडी १० मध्ये आलेले काउंटरही एएमडी६४ वर हीच युक्ती वापरतात. ६४-बिट आर्मवर कोअरच्या डेटाचा ऑफसेट (अंतर) एका सिस्टिम रजिस्टरमध्ये असतो, तो आधी वाचावा लागतो. म्हणून लिनक्स तिथे प्रीएम्प्शन (काम मध्येच थांबवून दुसरं लावणं) तेवढ्यापुरतं थांबवतो आणि बेरीज ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनने करतो. ज्या आर्किटेक्चरने स्वतःचं काही दिलेलं नाही, तिथे सर्वसाधारण कोड सरळ इंटरप्ट बंद करतो. बरोबर, पण स्वस्त नाही.

तेव्हा स्वतः असेंब्ली लिहू नका. लिनक्सचा तयार 'धिस-सीपीयू-इंक' वापरा, तो हे सगळं सांभाळतो.

माझ्या मते खरी डोकेदुखी वाचताना असते. बेरीज फक्त चालू कोअरांची करू नका, सगळ्या संभाव्य कोअरांची करा. बंद केलेल्या कोअरने मोजलेलं त्याच्याच खात्यात पडून असतं. एका कोअरवर वाढवून दुसऱ्यावर कमी करत असाल तर एखाद्या कोअरचा आकडा ऋण दिसेल. घाबरू नका, बेरीज बरोबरच येते.

वारंवार वाचायचं असेल तर लिनक्सचा तयार 'परसीपीयू-काउंटर' बघा. तो प्रत्येक कोअरवर थोडं साठवून मग सामायिक आकड्यात टाकतो. हा गठ्ठा किमान ३२ चा किंवा कोअरांच्या दुप्पट, जे मोठं असेल ते. ६४ कोअरवर गठ्ठा १२८ चा होतो, म्हणजे झटपट वाचलेला आकडा ८,००० च्या आसपास चुकू शकतो. आलेखासाठी ठीक, मर्यादा तपासायला नाही. तिथे पूर्ण बेरीज करणारं फंक्शनच घ्या.

३२-बिट मशीनवर ६४-बिट काउंटर दोन तुकड्यांत वाचला जातो आणि मधल्या क्षणी तो बदलू शकतो, म्हणून तिथे लिनक्सचं 'यू६४-स्टॅट्स-सिंक' लावा.