गृहकर्जाचे हप्ते बँकेच्या परवानगीने थांबवले आणि नंतर दोन हप्ते थकले, तर सिबिल किती खराब होते?

परवानगीने थांबवलेला हप्ता आणि थकलेला हप्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रश्नात त्यांची सरमिसळ झाली आहे. तुम्ही लिहिले आहे की घराच्या कर्जाचे चार हप्ते बँकेने मंजुरी देऊन पुढे ढकलले, त्यानंतरचे दोन भरता आले नाहीत, आता ट्रॅक्टरसाठी कर्ज घ्यायचे आहे, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘थांबा, माफी होईल’ असे सांगत आहेत. हे शेवटचे वाक्य वाचूनच मी उत्तर लिहायला बसले, कारण आमच्या घरात याच वाक्यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

घराच्या कर्जाला माफी होत नाही. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची जी कर्जमाफी राज्याने दिली, ती शेतीच्या कर्जांसाठी होती. घर, दुकान किंवा मोटारसायकल यांच्या कर्जाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. शिवाय बँकेचे नियमही दोन्ही कर्जांना सारखे नाहीत. कापूस किंवा सोयाबीन अशा कमी मुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन हंगाम थकले की ते अनुत्पादित, म्हणजे ज्याची वसुली थांबली आहे असे कर्ज (एनपीए), ठरते. घराच्या कर्जाला मात्र हंगाम नसतो. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते एनपीएत जाते, मग त्या वर्षी पाऊस पडलेला असो वा नसो. ज्यांनी आयुष्यभर फक्त पीककर्ज पाहिले आहे, त्यांना हा फरक समजावून सांगणे फार कठीण जाते.

त्या ९० दिवसांतही टप्पे असतात. ३० दिवसांपर्यंत एक वर्ग, ३१ ते ६० दुसरा, ६१ ते ९० तिसरा, आणि बँक या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवते. क्रेडिट अहवालात, म्हणजे सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपनीने ठेवलेल्या तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, प्रत्येक महिन्यासमोर थकबाकी किती दिवसांची होती ते लिहिलेले असते आणि मागील ३६ महिन्यांचा हा तक्ता पुढच्या बँकेच्या अधिकाऱ्याला दिसतो. दिवस सर्वांत जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजले जातात. म्हणून दोन्ही हप्ते एकदम भरण्याइतके पैसे नसतील, तर निदान पहिला तरी आज भरावा, म्हणजे ही मोजणी एका महिन्याने मागे येते. या नोंदींवरून ठरणारा स्कोअर, ज्याला आपण सिबिल म्हणतो, ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो, आणि तुमचा नेमका किती गुणांनी उतरेल हे अहवाल न पाहता जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ज्याची बाकीची परतफेड स्वच्छ आहे आणि ज्याच्यावर आधीच तीन कर्जे आहेत, त्या दोघांच्या अहवालावर सारख्याच थकबाकीचा परिणाम वेगवेगळा होतो.

आता आमची हकीकत सांगते, कारण तुमची परिस्थिती तिच्याशी बरीच जुळते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा भागात राहतो. माझे यजमान आठवडी बाजारांत कापडाचे दुकान लावतात, आणि घरची थोडी कोरडवाहू शेती आहे. गावात घर बांधण्यासाठी आम्ही एका बँकेकडून कर्ज घेतले. त्यात मी सहकर्जदार होते आणि माझे मोठे दीर जामीनदार होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, बाजार बंद पडले आणि दुकानाचे उत्पन्न एका दिवसात थांबले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आम्ही ती घेतली. घेणे योग्यच होते, आणि त्या सवलतीच्या काळातील न भरलेले हप्ते थकबाकी म्हणून मोजायचे नाहीत, त्यामुळे कर्जदाराच्या क्रेडिट नोंदीवर विपरीत परिणाम होऊ द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले होते.

मोठ्या दिरांनी मात्र या सवलतीचा अर्थ वेगळा घेतला. त्यांचे पीककर्ज नुकतेच माफ झाले होते, त्यामुळे सरकारने आज थांबवले म्हणजे उद्या सोडून देणार, असा त्यांचा पक्का समज झाला होता. त्या समजाला त्यांच्या अनुभवाचा आधार होता, हे मी मान्य करते. पण सवलतीच्या काळात व्याज चालूच राहते. समजा, ९ लाख रुपये शिल्लक आहेत, व्याजदर ९ टक्के आहे आणि १५ वर्षे उरली आहेत, तर हप्ता ९,१२८ रुपयांच्या आसपास बसतो. सहा महिने काहीच भरले नाही तर मुद्दलात जवळपास ४१ हजार रुपयांची भर पडते, आणि हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी सुमारे १९९ हप्ते भरावे लागतात. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ‘व्याज माफ झाले’ अशी बातमी गावभर पसरली. प्रत्यक्षात सरकारने सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांमधील फरक तेवढा दिला होता. वरच्या उदाहरणात तो साडेसातशे रुपयांच्या आसपास येतो. पुढे २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही संपूर्ण व्याजमाफी आणि मुदतवाढ या दोन्ही मागण्या नाकारल्या आणि दिलासा व्याजावरील व्याजापुरता मर्यादित ठेवला.

सवलत संपल्यावर आम्ही हप्ते सुरू केले. मग एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, बाजार पुन्हा बंद झाले, आणि या वेळी सरसकट सवलत नव्हती. एप्रिलचा हप्ता राहिला, मेचा राहिला, आणि जून उजाडला तेव्हा बियाणे आणि खतासाठी पैसे हवे होते. बँकेचा वसुली करणारा माणूस घरी येऊन गेला. तो नम्रपणे बोलला, पण शेजारी बघत होते. त्या संध्याकाळी मोठे दीर माझ्यादेखत यजमानांना म्हणाले, “तिले सांग, दम धर म्हणा. सरकार आज ना उद्या देतेच. घाई काहून करता?” मी सांगितले की जुलैच्या पहिल्या आठवड्यात एप्रिलच्या हप्त्याला ९० दिवस पूर्ण होतात, त्याच्या आत मला पैसे भरायचे आहेत, आणि त्यासाठी मी माझ्या पाटल्या आणि गोफ तारण ठेवणार आहे.

घरात या गोष्टीचा मोठा गहजब झाला. स्त्रीधन गहाण ठेवणे म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, असे सासूबाईंना वाटले, आणि त्यांचे वाईट वाटणे मला समजत होते. दिरांचा राग मात्र हिशेबाचा होता: सोनेतारणाचे व्याज कशाला भरायचे, ज्या पैशांची बँक अजून सक्ती करत नाही ते आपण होऊन का द्यायचे. मी त्यांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगते. सोनेतारणाचे व्याज चार-सहा महिन्यांचे असते आणि सोने सोडवले की ते संपते. खाते एकदा एनपीए झाले की त्याची नोंद वर्षानुवर्षे पुढच्या प्रत्येक अर्जासोबत जाते. शिवाय एनपीए झालेले खाते एखाददुसरा हप्ता भरून नियमित होत नाही. मुद्दल आणि व्याज यांची सगळी थकबाकी भरल्यावरच ते पुन्हा नियमित ठरते, आणि ही बाब रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्व बँकांना पुन्हा स्पष्ट करून सांगितली. तिसरी गोष्ट मी तेव्हा मोठ्याने बोलले नाही, ती अशी की जामीनदार म्हणून ते कर्ज दिरांच्या स्वतःच्या अहवालातही दिसत होते. मी थांबले असते तर डाग आमच्या तिघांच्याही नावावर पडला असता.

मी जून संपण्याआधी तिन्ही हप्ते भरले. त्या हंगामात कापसाला चांगला भाव मिळाला, आणि वेचणीचे पैसे हाती येताच आम्ही सोने सोडवून आणले. माफी आली नाही. पुढे दिरांनी ट्रॅक्टरसाठी कर्ज मागितले, तेव्हा अधिकाऱ्याने त्यांच्या अहवालातील आमच्या घरकर्जाची ओळ दाखवून विचारले की २०२१ मध्ये काय झाले होते. थकबाकी ९० दिवसांच्या आत भरलेली होती आणि त्यानंतरचे सगळे महिने स्वच्छ होते, म्हणून कर्ज मंजूर झाले. तरीही पोळ्याला सगळे जमलो की ‘व्याजात पैसे घालवले’ हा विषय निघतोच, आणि माझे उत्तर दर वेळी हेच असते की तो ट्रॅक्टर त्या व्याजामुळे दारात उभा आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जी तुमच्या कामाची आहे. २०२१ च्या सुरुवातीला मी माझा अहवाल काढून पाहिला, तेव्हा टाळेबंदीतील सवलतीच्या दोन महिन्यांसमोर थकबाकी दाखवलेली होती. शाखेत विचारले तर ‘होईल दुरुस्त’ असे उत्तर मिळाले. माझ्याकडे बँकेचा सवलत मंजूर झाल्याचा संदेश जपून ठेवलेला होता. तो जोडून मी बँकेकडे लेखी अर्ज दिला आणि क्रेडिट माहिती कंपनीकडे हरकत नोंदवली. कंपनी स्वतःहून काही बदलू शकत नाही, तिला बँकेची पुष्टी लागते. म्हणून दोन्हीकडे अर्ज करणे आवश्यक आहे. नोंद दुरुस्त झाली, पण बराच पाठपुरावा करावा लागला. आज परिस्थिती बरी आहे: २६ एप्रिल २०२४ पासून अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम लागू झाला आहे, आणि तेवढ्यावर काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की प्रत्येक परिस्थितीत दागिने गहाण ठेवून हप्ता भरावा. ज्यांचे उत्पन्नच संपले आहे, त्यांनी एक कर्ज फेडायला दुसरे घेऊ नये, आणि सावकाराकडे तर मुळीच जाऊ नये. आमच्याकडे हंगामाचे पीक यायचे होते आणि बाजार उघडतील अशी खात्री होती, म्हणून ते जमले. ज्यांना असा आधार नाही त्यांनी शाखेत जाऊन कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ता आणि मुदत नव्याने ठरवून, मागावी. तिची नोंद अहवालात राहते, पण वाढत जाणाऱ्या थकबाकीपेक्षा ती बरी.

आणखी एक बाब मी आधीच सांगायला हवी इतकी महत्त्वाची आहे. २०२० ची सवलत ही विशेष होती. आज एखादी बँक आर्थिक अडचणीमुळे हप्ते पुढे ढकलते, तेव्हा ती पुनर्रचना समजली जाऊ शकते आणि खात्याचा दर्जाही घसरू शकतो. नैसर्गिक आपत्तीनंतर दिलेल्या सवलतीला निराळे नियम आहेत. तुमच्या चार महिन्यांची सवलत कोणत्या प्रकारात मोडते हे मंजुरीपत्रावरून कळेल. पत्र नसेल, नुसते तोंडी सांगितले असेल, तर ते चार महिनेही थकबाकीतच मोजले जात असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर तुमची थकबाकी दोन हप्त्यांची नसून सहाची आहे.

ट्रॅक्टरच्या कर्जाबद्दल थोडक्यात सांगते. पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नका असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे, पण ट्रॅक्टर हे मुदतीचे कर्ज आहे आणि तेथे अहवाल पाहिला जातो. आधी थकबाकी भरा आणि खात्यावर काहीही थकीत नसल्याचे पत्र घ्या. जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला माहिती कळवणे बंधनकारक झाले, त्यामुळे भरणा अहवालात दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. तो दिसल्यावरच अर्ज करा आणि एका वेळी एकाच ठिकाणी करा, कारण प्रत्येक बँकेने केलेली चौकशीही नोंदवली जाते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही, आणि प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने तो वर्षातून एकदा मोफत द्यायचा असतो. सिबिलखेरीज अशा आणखी तीन कंपन्या आहेत. जमल्यास चारही अहवाल पाहा, कारण चूक एकात असून दुसऱ्यात नसते. घरकर्जाला कोणी जामीनदार असेल, तर या दोन हप्त्यांबद्दल त्यांना बँकेचा फोन जाण्याआधी तुम्ही सांगा.