१८ जीबीची एकच फाईल आणि रिकामी निघालेली ब्लू-रे

ताई, सासऱ्यांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं आणि घरचे फोटो मिळून १८ जीबीची टार फाईल (सगळ्या फाईली एकत्र बांधलेलं एकच गाठोडं) तुम्ही ग्रोआयसोएफएस या डिस्क राइट करायच्या कमांडने २५ जीबीच्या ब्लू-रेवर राइट केली आणि डिस्क रिकामी निघाली. ड्राइव्हला दोष देऊ नका, दुकानदाराशीही भांडू नका. ४ जीबीच्या पुढची फाईल आयएसओच्या, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीच्या, नेहमीच्या सेटिंगमध्ये मावत नाही. ‘फाईल टू लार्ज’ अशी एक ओळ येते, फाईल वगळली जाते आणि बाकीचं काम बिनबोभाट पुरं होतं. ती ओळ माझ्याही नजरेतून सुटली होती. तीन डिस्का वाया घालवल्यावर दिसली!

कमांडमध्ये ‘डॅश आयएसओ-लेव्हल ३’ घातलंत की अख्खी फाईल जाईल. मी मात्र तुकडेच करतो. फाईल तोडणारी ‘स्प्लिट डॅश बी ४०००एम’ ही कमांड दिली की तुमच्या फाईलचे पाच तुकडे पडतील. उद्या ब्लू-रे ड्राइव्ह बिघडायची वेळ आली, तर त्याआधी यातला एकेक तुकडा साध्या डीव्हीडीवरही उतरवता येतो. परत जोडायला ‘कॅट’ ही कमांड पुरते.

जीझिपने फाईल दाबून लहान करू नका. एमपीथ्री आणि जेपेग आधीच दाबलेले असतात, जागा वाचत नाही. उलट मधे एक ओरखडा पडला की त्यापुढचं सगळं उघडणं मुश्किल. त्यापेक्षा उरलेल्या जागेत पार-टू या प्रोग्रामने बनवलेल्या १० टक्के दुरुस्ती-फाईली टाका, खराब झालेला भाग त्यांवरून परत बनवता येतो. त्या बनायला वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

राइट करण्याआधी तुकड्यांचे शा-२५६ आकडे (फाईलीचा जणू अंगठ्याचा ठसा) एका फाईलीत घेऊन तीही डिस्कवर ठेवा. झालं की डिस्क बाहेर काढून पुन्हा आत घाला आणि मगच ते आकडे जुळवून बघणारं ‘शा२५६सम डॅश सी’ चालवा. नाहीतर कधीकधी मशीन मेमरीतलंच वाचून ‘ओके’ म्हणतं.

डिस्क कशाला, हार्ड डिस्क घ्या, असं इथे कोणी ना कोणी सांगेलच. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात आमच्या तळमजल्यावर आलं, तेव्हा टेबलाखालच्या खणातली हार्ड डिस्क कायमची गेली. त्याच खणातल्या डीव्हीडी मी नळाखाली धुतल्या, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या. सगळ्या वाचल्या गेल्या, फक्त एकीवरचा कागदी स्टिकर फुगून सुटला. तेव्हापासून नाव मार्करने, तेही मधल्या कड्यावर लिहितो. दुसरी प्रत दांडिया बाजारात बहिणीकडे वरच्या मजल्यावर असते.