नावाउकाचे सामने वही घेऊन बघ

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्यामुळे फुटबॉल खेळणं थांबलं, आता तालमीच्या चौदा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. सुरुवात कुणापासून करू, असं विचारलंस. बड्या क्लबांच्या प्रशिक्षकांचे व्हिडिओ सध्या बाजूला ठेव. त्यांच्याकडे पैसा असतो, हवा तो खेळाडू विकत घेता येतो. तू पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा माजी प्रशिक्षक आदाम नावाउका याचा अभ्यास कर.

तोही तुझ्यासारखा मधल्या फळीतलाच. जन्म 1957 चा, क्राकूव्हचा. गावच्याच व्हिसवा क्राकूव्हकडून खेळला आणि 1977-78 मध्ये पोलंडची लीग जिंकली. अर्जेंटिनातल्या 1978 च्या विश्वचषकात पोलंडच्या मधल्या फळीत उतरला तेव्हा अवघा 20 वर्षांचा होता. देशासाठी 34 सामने, 1 गोल. शेवटचा सामना 1980 मध्ये. पुढे दुखापतींनी कारकीर्द खाल्ली. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला 2013 च्या नोव्हेंबरात, वयाच्या 56 व्या वर्षी.

मधल्या काळात काय केलं, ते नीट बघ. लहानमोठे क्लब सांभाळले. 2008 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, पोलंड पहिल्यांदाच पात्र ठरला, तेव्हा तो डच प्रशिक्षक बेनहाकरचा सहायक होता. 2010 च्या सुरुवातीला गूर्निक झाब्झे हा जुना, नावाजलेला पण दुसऱ्या श्रेणीत घसरलेला क्लब हाती घेतला आणि त्याच हंगामात वर आणला. तिथंच त्यानं आर्कादियुश मिलिकला सतरा वर्षांचा असताना वरिष्ठ संघात खेळवलं. मोंचिन्स्की हा मिडफिल्डरही तिथंच त्याच्या हाताखाली होता. पुढे राष्ट्रीय संघात या दोघांना त्यानं घेतलं ते रोजचा सराव डोळ्यांनी पाहिलेला होता म्हणून. तुझ्याकडच्या पोरांची हजेरी मांडशील, तेव्हा नावापुढे फक्त टिक करू नकोस. त्या संध्याकाळी पोरानं काय चांगलं केलं, त्याची एक ओळ लिही. वर्षभरानं संघ निवडताना ती वहीच कामाला येते.

आता मुख्य गोष्ट, वेळेचा हिशोब. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू एका वेळी साधारण दहा दिवस मिळतात, त्यात दोन सामने. प्रवास आणि विश्रांती वजा केली की खरा सराव तीन-चार वेळाच होतो. नावाउकाचा पहिला सामना स्लोवाकियाशी, 0-2 हरला. दुसरा आयर्लंडशी, 0-0. शिट्ट्या वाजल्या, टीका झाली. पण त्यानं नवनवीन खेळ शोधत बसण्यापेक्षा थोड्याच गोष्टी पक्क्या केल्या: चार बचावात, चार मधे, पुढे लेवांदोव्स्की आणि मिलिक. तुझाही हिशोब मांड. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास, म्हणजे साडेचार तास. बारा आठवड्यांचे 54. परीक्षा आणि पाऊस धरला तर हातात 40 राहतात. तेवढ्यात एकच रचना नीट बसते, दोन नाही.

ती रचना कशी दिसते, ते 11 ऑक्टोबर 2014 च्या वॉर्सामधल्या जर्मनीविरुद्धच्या सामन्यात बघ. तीनच महिन्यांपूर्वी जर्मनी जगज्जेता झालेला. पोलंड 2-0 जिंकला. जर्मनीवरचा तो त्यांचा पहिलाच विजय. आवाज बंद कर. चौकटीच्या वहीत मैदान काढ आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाड. प्रत्येक तुकड्यात पाच वेळा चित्र थांबव, तेही चेंडू जर्मनीकडे असताना. पुढचा आघाडीवीर आणि शेवटचा डिफेंडर यांच्यात किती अंतर आहे, ते पेनल्टी क्षेत्राच्या मापानं मोज. त्याची खोली साडेसोळा मीटर असते. 25 ते 30 मीटर दिसलं तर संघ आवळलेला आहे. 40 झालं की मधे दार उघडलं.

हे दार बहुतेक वेळा एकाच चुकीनं उघडतं. दुसरा आघाडीवीर चेंडू गेल्यावर पुढेच उभा राहतो, मग त्याच्या पाठीमागून मिडफिल्डर दाबायला पुढे धावतो आणि बचावफळी मात्र जागची हलत नाही. ओरडून हे सुटत नाही. 40 बाय 30 मीटरचा चौकोन आख, आत आठ विरुद्ध सहा लाव. सहा जणांनी बचाव करायचा: चार मधले, दोन पुढचे. नियम एवढाच की चेंडू दोन फळ्यांच्या मधून गेला की समोरच्यांना गुण. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं दम, असे पाच फेरे. त्याहून लांबवू नकोस. पाय जड झाले की पोरं चुकीची जागाच घोटवतात.

2016 च्या युरोत याचं फळ दिसलं. पाच सामने, फक्त दोन गोल खाल्ले आणि 120 मिनिटांत एकदाही हरले नाहीत. स्वित्झर्लंडला पेनल्टींवर 5-4 असं काढलं, पोर्तुगालकडून उपांत्यपूर्व फेरीत 3-5 असे गेले. पहिल्या चार पेनल्टींचा क्रम दोन्ही वेळा वहीत लिही: लेवांदोव्स्की, मिलिक, डिफेंडर ग्लिक, विंगर ब्वाश्चिकोव्स्की. पाच दिवसांत तोच क्रम. चौथी पेनल्टी पोर्तुगालच्या गोलीनं अडवली. त्यासाठी ब्वाश्चिकोव्स्कीला बोल लावणं मला पटत नाही. त्या स्पर्धेत दोन मोलाचे गोल त्याचेच होते. पण तू पाच नव्हे, सात नावं तयार ठेव, आणि सराव संपताना, पाय थकलेले असताना मारायला लाव.

आता बिघडलं कुठं, तेही शिक. 2018 च्या विश्वचषकाची पात्रता उत्तम झाली: दहापैकी आठ विजय, लेवांदोव्स्कीचे 16 गोल. फक्त कोपनहेगनला डेन्मार्कनं 4-0 धुतलं. जागतिक क्रमवारी टिकावी म्हणून नोव्हेंबर 2016 ते नोव्हेंबर 2017 असं वर्षभर मैत्रीपूर्ण सामने टाळले. त्या वेळच्या गणितात मैत्रीपूर्ण सामन्यांनी सरासरी गुण खाली यायचे. हिशोब जमला, पोलंड ड्रॉमध्ये मानांकित संघांत बसला. पण नवं काही आजमावायचे दिवसही त्यातच गेले. तीन डिफेंडरांची रचना आजमावायला सुरुवात झाली ती उरुग्वेविरुद्ध, स्पर्धेच्या सात महिने आधी. मग विश्वचषकाच्या शिबिरात ग्लिकचा खांदा दुखावला. सेनेगलविरुद्ध चार डिफेंडर, मध्यंतरानंतर तीन, कोलंबियाविरुद्ध पुन्हा तीन. निकाल 1-2 आणि 0-3. जपानला 1-0 हरवलं, तोवर उशीर झाला होता.

माझ्या मते दोष तीन डिफेंडरांच्या रचनेत नव्हता. तिला तास मिळाले नाहीत. बाजूच्या डिफेंडरनं कधी बाहेर निघायचं आणि विंगवरच्या खेळाडूनं कधी खाली यायचं, हे शेकडो वेळा केल्यावरच अंगात येतं. तुला रचना बदलायची असेल तर हंगामाच्या पहिल्या महिन्यात बदल, स्पर्धा तोंडावर आली की हात लावू नकोस. त्यानंतर पोझनानच्या क्लबात तो चारच महिने टिकला. अपयश आलं म्हणून आधीची एवढी वर्षं खोटी ठरत नाहीत, एवढं ध्यानात ठेव.

प्रशिक्षकांच्या डी लायसन्सच्या कोर्सला जायच्या आधी एक काम कर. 2016 च्या युरोतल्या स्वित्झर्लंडविरुद्धच्या सामन्यात 39 वं मिनिट लाव. कॉर्नर स्वित्झर्लंडचा. पोलंडचा गोली फाब्यान्स्की चेंडू हातात घेतो आणि लाथ न मारता विंगर ग्रोशित्स्कीकडे फेकतो. ग्रोशित्स्की डावीकडून धावत सुटतो, क्रॉस देतो, मिलिक चेंडू मुद्दाम सोडतो आणि मागून आलेला ब्वाश्चिकोव्स्की गोल करतो. हा तुकडा दहा वेळा बघ. फाब्यान्स्कीच्या हातात चेंडू आला त्या क्षणी ब्वाश्चिकोव्स्की कुठं होता आणि धावायला कधी लागला, ते सेकंदात मोज. आकडा आणि चित्र रविवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
काका