सहस्रचंद्रदर्शन: ८० वर्षं ८ महिने की १० महिने?

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे आयुष्यात हजार पौर्णिमा पूर्ण झाल्याचा सोहळा, आणि तो नेमका कधी करायचा हा तुमचा प्रश्न. तुमच्या आजोबांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४६, गुरुजी म्हणतात ८० वर्षं ८ महिने, तुम्ही १००० ला १२ ने भागलं तर ८३ वर्षं ४ महिने आले आणि दिवसांवरून केलं तर ८०.९, म्हणून डोकं फिरलंय. फिरणारच.

१२ ने भागायचंच नाही इथे. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३०६ दिवस असतात, कॅलेंडरचा महिना नाही तो. हजार पट केली की झाले २९,५३१ दिवस. याला तुम्ही ३६५ ने भागलंत, पण ८० वर्षांत २० लीप वर्षं येतात (१९४८ पासून २०२४ पर्यंत मोजा हवं तर), म्हणजे २० दिवसांचा फरक तिथेच पडला. ३६५.२५ ने भागा, ८०.८५ येईल. आणि हे पॉइंट ८५ म्हणजे ८ महिने ५ दिवस नव्हे हां!! ०.८५ गुणिले १२ करा, दहा महिने आणि वर पाच-सहा दिवस. मी वडिलांच्या वेळी इथेच माती खाल्ली होती, हॉलवाल्याला ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो आणि मग बहिणीने हिशोब तपासला.

मग ८० वर्षं ८ महिने आलं कुठून? माझा अंदाज असा की अधिक महिना दर अडीच वर्षांनी धरला असणार. ८० वर्षं ८ महिने म्हणजे ९६८ महिने, अडीच वर्षांनी एक म्हणजे ३२ अधिक, झाले बरोब्बर १०००. छान बसतं, पण अधिक महिने १९ वर्षांत ७ च येतात, म्हणजे ८० वर्षांत साधारण ३०. म्हणून ९७० अधिक ३०, परत तेच ८० वर्षं १० महिने.

आता तुमच्या आजोबांची गंमत. त्यांच्या जन्मानंतर दोनच दिवसांत पौर्णिमा होती, १६ फेब्रुवारीला. ती पहिली धरली तर हजारावीपर्यंत मध्ये अंतरं ९९९ च (कुंपणाचे खांब आणि मधले गाळे, तसंच), म्हणजे २९,५०१ दिवस. एक्सेलमध्ये १६ फेब्रुवारी १९४६ टाकून त्यात २९५०१ मिळवा, २४ नोव्हेंबर २०२६ येतं. कॅलेंडर काढून बघा, त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा आहे! जन्म पौर्णिमेनंतर लगेच झाला असता तर हेच जवळपास महिनाभर पुढे गेलं असतं.

गुरुजींशी वाद घालू नका, बऱ्याच घरी ८१ वं लागलं की उरकतातच. पण माझं मत विचाराल तर त्रिपुरीच धरा. मंगळवार आहे फक्त, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना रजा टाकायला आत्ताच सांगून ठेवा.