शर्यत झाली, आता पहाटे पाचला उठून करायचं काय?

वाचक विचारतात

पूर्ण अंतराची ट्रायथलॉन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. तयारीबद्दलची पत्रं नेहमीच येतात. या वेळी निवडलेली पत्रं मात्र शर्यत झाल्यानंतरची आहेत.

प्रश्न : महिन्यापूर्वी पहिली पूर्ण ट्रायथलॉन साडेचौदा तासांत केली. गल्लीत हलगी वाजली, फेटा बांधला, ‘नाद खुळा’ म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली. आठ दिवसांत सगळं शांत झालं. आता रंकाळ्यावर चालायला गेलो तरी कशात मन लागत नाही. पुढच्या शर्यतीची नोंदणी करून टाकू का? (राजारामपुरी)

उत्तर : इतक्यात नको. किमान सहा आठवडे कुठल्याही शर्यतीचे पैसे भरू नका.

आठ-नऊ महिने तुमचा दिवस सरावाच्या तक्त्यानं चालवला. कधी उठायचं, काय खायचं, लग्नाला जायचं की नाही, सगळं त्यावर ठरलेलं. तो तक्ता एका रात्रीत संपला. रोज दोन तास घाम गाळणाऱ्या शरीराचा व्यायाम अचानक थांबला की झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते, त्यात शर्यतीचा थकवाही अजून अंगात असतो. म्हणजे हे रितेपण तुमचा दुबळेपणा नव्हे, पहिल्या मोठ्या शर्यतीनंतर बऱ्याच जणांना ते गाठतं. घाईनं नवी नोंदणी केली की आठवडाभर बरं वाटतं, मग अर्धवट सावरलेल्या शरीरानं पुन्हा तक्ता सुरू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुडघा किंवा टाच बोलायला लागते.

उठायची वेळ तीच ठेवा, फक्त त्या वेळेत चाला किंवा काहीच करू नका. शर्यतीची टिपणं अजून लिहिली नसतील तर आज लिहा. सायकलवर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं ठरली होती, प्रत्यक्षात किती पोटात गेली? मळमळ कितव्या किलोमीटरला सुरू झाली आणि त्याआधीच्या तासात काय प्यायलात? कपडे-बूट बदलण्यात किती मिनिटं गेली? दोन महिन्यांनी फक्त फेटा आठवेल.

आणि ‘पुढची कुठली?’ असं विचारणाऱ्यांना हसून चहा पाजा. उत्तर देणं बंधनकारक नाही.

एक मात्र सांभाळा. उदासी दिवसातला बहुतेक वेळ आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, तर तिला शर्यतीचा शीण समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : नवव्या दिवशी पाय मोकळे वाटले म्हणून सायकलनं पन्हाळा करून आलो. त्रास काही झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी नेहमीच्या ५२ ऐवजी ६३. काय चुकलं? (कसबा बावडा)

उत्तर : पायांवर विश्वास ठेवलात, हे चुकलं. स्नायूंचं दुखणं आठवड्याभरात जातं, आतली डागडुजी त्यानंतरही बरेच दिवस चालते. स्नायूबंधांना रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सगळ्यात उशिरा सावरतात. दुखायचं थांबलं म्हणजे काम झालं असं नाही.

साधारण क्रम असा ठेवा. पहिले चार दिवस १५-२० मिनिटं चालणं, बस्स. घासून सोललेली कातडी आणि फोड सुकल्यावर २० मिनिटं पोहणं, मनगटावर घड्याळ नको. उघडी जखम घेऊन तलावात उतरू नका. दुसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर हलक्या गिअरवर ४० ते ६० मिनिटं सायकल, पन्हाळा-जोतिबाचा चढ चार आठवडे तरी नको. धावणं सगळ्यात शेवटी, कारण प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड २० मिनिटं, चार मिनिटं धावा आणि एक मिनिट चाला. वेगाचे सराव सहाव्या आठवड्यानंतर.

नाडी अंथरुणातून उठण्याआधी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सुट्टी. ६३ हे त्याचंच सांगणं होतं.

शर्यतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला जड जातात. लघवी कोलासारखी गडद झाली तर घरी वाट बघू नका, थेट दवाखाना.

प्रश्न : व्यायाम निम्म्यावर आला, भूक तेवढीच आहे. महिन्यात तीन किलो वाढले. (शाहूपुरी)

उत्तर : पैलवान तालीम सोडतो, थंडाई सोडत नाही, हे कोल्हापूरला नवीन नाही. आठवड्याचे १४ तास सातवर आले तर, तासाला ५०० कॅलरी धरल्या तरी, रोजच्या ५०० कॅलरी शिल्लक राहतात. शर्यतीनंतर पहिले दोन आठवडे पोटभर खाणं योग्यच होतं. आता व्यायामानंतरचा दुसरा नाश्ता, गोड पेयं आणि मिसळीबरोबरचे जादा ब्रेड बंद करा. प्रथिनं कमी करू नका, ७० किलो वजनाला रोज १०० ग्रॅमच्या आसपास ठेवा. पांढऱ्या रश्श्याला उगाच दोष देऊ नका, त्याच्याबरोबरच्या भाकरी मोजा.

प्रश्न : शर्यतीहून आल्यापासून सायकल भिंतीला टेकून आहे. आता हँडल वळवताना करकरतं. (कळंबा)

उत्तर : पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू दोन्ही बाजूंना वळवा. वाळू घातल्यासारखं लागतं की बरोबर मध्यावर अडकतं? दोन्हींचा अर्थ हेडसेटची, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या सांध्याची, बेअरिंग गेली किंवा जायला लागली, बहुधा वरची. सहा-सात तास हँडलवर झुकून बसल्यावर घाम आणि गोड पेय ठिबकत नेमकं तिथं मुरतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि पोलाद गंजतं.

पुढचं चाक काढा. स्टेमखालच्या (स्टेम म्हणजे हँडल धरणारा आखूड तुकडा) कड्यांचा क्रम मोबाइलवर टिपा. वरच्या टोपीचा बोल्ट काढा, मग स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल करा. या वेळी एका हातानं फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, धरून ठेवा, नाहीतर तो खाली पडतो. बेअरिंग बोटावर फिरवून बघा. खरखरत असेल तर ग्रीस भरून फसवू नका, तिच्यावरचा नंबर दाखवून नवीन आणा. बेअरिंगची बैठक कोरडी पुसा, पातळ ग्रीस लावा आणि भाग उलट क्रमानं बसवा, बोल्ट अजून आवळू नका.

बहुतेकांची चूक इथं होते. आधी वरची टोपी आवळायची, सैलपणा जाईपर्यंत आणि हँडल मोकळं फिरेल इतकीच. स्टेमचे बोल्ट त्यानंतर, स्टेमवर छापलेल्या मापानं, बहुधा ५ न्यूटन-मीटर. स्टेम आधी आवळला तर टोपी कितीही पिळा, ब्रेक दाबल्यावर ‘टक’ वाजतच राहणार. केबल हेडसेटमधून आत जात असतील तर मात्र हे घरी करू नका, दुकानात न्या.

हातासरशी हँडलची टेपही सोडा. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर पांढरी भुकटी दिसली तर पुसून बघा, खाली खड्डे पडले असतील तर दांडा बदला. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट काढून ग्रीस लावा. साखळी मापकानं तपासा, अकरा किंवा बारा गिअरची असेल तर ०.५ टक्के ताणली की बदला. आणि गाड्या धुतात त्या प्रेशरच्या पाण्याखाली ही सायकल धरू नका. नव्या बेअरिंगमध्ये पाणी घुसलं तर दोन महिन्यांनी पुन्हा हेच पत्र लिहावं लागेल.