‘क’ची फुले

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी मुलीला ‘क’ने सुरू होणारी बागेतील आणि रानातील फुले हवी आहेत. मुंबईत कोणती पाहता येतील? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : बागेतील फुलांसाठी कर्दळ, कोरांटी आणि कण्हेर पुरेशी आहेत, मात्र कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने तिची फुले मुलांच्या हाती न देता दुरूनच दाखवावीत. रानफुलांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहात, कारण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या जवळच आहे. तेथे पावसाळ्यात कळलावी दिसते. तिच्या पानांची टोके तणाव्यासारखी वळून आधाराला धरतात, आणि लाटांसारख्या कडांच्या पाकळ्या आधी पिवळ्या असून पुढे लाल होत जातात. तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष असते. माझ्या मते प्रकल्पात पहिला मान कारवीचा असावा : हे झुडूप सात ते आठ वर्षांतून एकदाच सामूहिकरीत्या जांभळे-निळे फुलते, बी धरते आणि मरून जाते, त्यामुळे यंदा फुले नसली तर खरखरीत पानांचेच चित्र काढावे. उद्यानातील फुले तोडण्यास कायद्याने बंदी आहे, छायाचित्रे चिकटवावीत.