निंबाची सावली आणि काळी माती

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला. आयटीआय फिटर करून अकरा वर्षं चाकणला फॅब्रिकेशनमध्ये काढली, आता गावी परतलोय. आमच्या वडिलोपार्जित पाच एकरांत, रस्त्याच्या कडेला, ४० बाय ८० फुटांची शेड बांधून ट्रॉल्या बनवायच्या आणि रोटाव्हेटर, पेरणीयंत्रांची दुरुस्ती करायची, असा विचार आहे. सातबारावर वडील, काका आणि आत्या अशी तिघांची नावं आहेत. खळ्यात मोठा निंब आहे. वडील म्हणतात, ‘निंबनी सावली शे, आठेच बांध’ (निंबाची सावली आहे, इथेच बांध). जमीन काळी आणि खोल. ठेकेदाराच्या मते पायाला तीन फुटांचे खड्डे पुरतील. मे महिन्यात पत्र्याखाली काम होईल का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : भाऊ, तीन फुटांना हो म्हणू नका.

अमळनेरजवळ मामांच्या शेतात मी आयुष्यातली पहिली शेड उभी केली, तेव्हा मीही तीनच फूट गेलो होतो. मे महिना होता. पहार मारली की हात झिणझिणायचे, इतकी माती कडक. एवढ्या कडक जमिनीत अजून खोल कशाला जायचं, असं वाटलं. भाद्रपदात मामांचा निरोप आला, शटर उघडत नाही. जाऊन पाहिलं तर कोबा मधोमध फुगून वर आलेला. लेव्हलची नळी धरली, तर कडेपेक्षा सव्वादोन इंच उंच. दाराकडचा एक खांब उचलला गेला होता आणि तिरक्या झालेल्या गाईडमध्ये शटरच्या पट्ट्या रुतून बसल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात तोच खांब खाली बसला आणि शेजारच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. मामा एक शब्द बोलले नाहीत. मला ते आजही लागतं.

आपली कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. वरच्या थरात हा खेळ दरवर्षी चालतो, म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. वैशाखात तुमच्या जागेवर जा आणि भेगेत सळई सोडून बघा, किती खाली जाते ते. मग जेसीबीने दोन खड्डे घ्या. पाच-सहा फुटांवर पक्का मुरूम लागला, तर साधा फूटिंगचा पाया, म्हणजे खांबाखाली रुंद काँक्रीटचा ठोकळा, त्यावर बसवा. सातपुड्याच्या पायथ्याकडे तो लागू शकतो. तापीकाठी मात्र गाळाची माती फार खोल असते, तिथे मुरमाची वाट बघत खणत बसू नका. अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्या. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच ही पद्धत विकसित केली. साधारण साडेअकरा फूट खोल भोक, आणि तळाशी ते कांद्यासारखं फुगवलेलं, भोकाच्या अडीचपट रुंद. वरची माती कितीही उचलू लागली तरी तो कांदा खांबाला धरून ठेवतो. वादळात छप्पर वर ओढलं जातं, तेव्हाही हाच कामाला येतो. पाइल जोडणाऱ्या बीमखाली तीन-चार इंच पोकळी ठेवा, नाहीतर माती फुगून बीमच ढकलते. पाइलची संख्या आणि सळई मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कागदावर घ्या. त्याची फी वाचवू नका.

आता निंब. वडिलांचा जीव त्या झाडात आहे हे मला कळतं, म्हणून सांगतो, झाड तोडू नका आणि त्याच्याखाली बांधूही नका. झाडाची मुळं उन्हाळ्यात आजूबाजूच्या मातीतलं पाणी ओढतात, तेवढ्याच भागात जमीन जास्त आकसते आणि शेडचा एक कोपरा खाली जातो. झाड जेवढं उंच, निदान तेवढं अंतर सोडा. सावलीत वडिलांची बाज राहू द्या.

उन्हाचं उत्तर दिशेत आहे. शेडची ८० फुटांची बाजू पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे दुपारनंतरचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतीवर येतं. ती पश्चिमेची भिंत बंद ठेवा. उघडझाप उत्तर-दक्षिणेला. बाजूची उंची १८ फुटांपेक्षा कमी नको. चेन-पुली लावून ट्रॉली उचलायला ती लागतेच, आणि तापलेली हवाही वर राहते. छपराच्या कण्यावर हवा निघायला लांबलचक जागा सोडा, पत्रा पांढरा घ्या, खाली उष्णता अडवणारी बबल शीट लावा. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा भर दुपारी वेल्डिंग कुठेच सुखाचं नसतं. पण सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर काम नीट होईल.

वाऱ्याला हलकं समजू नका. मे-जूनमधलं वादळ रावेर-यावलच्या केळीच्या बागा एका संध्याकाळी आडव्या करतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. तीन बाजू बंद आणि एक सताड उघडी असेल, तर वारा आत शिरून पत्रा खालून उचलतो. म्हणून समोरासमोर दारं ठेवा, टोकाच्या रांगांना स्क्रू दुप्पट मारा, खांबांमध्ये तिरपे आडवे ताण द्या.

कागदाचं थोडक्यात. अवजारं, चारा किंवा शेतमाल ठेवायला, गुरं बांधायला शेतात केलेलं बांधकाम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार शेतीच्याच वापरात धरलं जातं. गिऱ्हाइकांची दुरुस्ती आणि विक्रीसाठी ट्रॉल्या बनवणं त्यात बसत नाही. तेव्हा बिनशेती, बांधकाम परवानगी आणि रस्त्यापासून सोडायचं अंतर यांसाठी सध्या काय लागतं, ते तहसीलमधून लेखी विचारून घ्या. शेतीपंपाच्या मीटरवरून वेल्डिंग मशीन चालवू नका. वर्कशॉपला वेगळं थ्री फेज कनेक्शन लागेल.

यापेक्षा मोठी गोष्ट सातबारावरच्या तीन नावांची आहे. तिघांच्या सह्यांशिवाय बँक पुढे सरकणार नाही, आणि सरकली तरी तुम्ही सरकू नका. पारोळ्याकडे मी उभारलेल्या एका शेडमध्ये बहिणीला विचारलंच नव्हतं. दावा लागला, लेथ मशीन प्लॅस्टिकखाली गंजून गेलं. आत्याचा हिस्सा म्हणजे उपकार नव्हे, हक्क आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येईल. झोक्यावरून उतरून पोरीबाळी जेवायला बसल्या की काका, आत्या, वडील तिघांना शेतात न्या, चुन्याने जागा आखून दाखवा आणि सरळ विचारा. तिघांचं जमलं तर त्याच महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे सहमतीचं वाटप करून मोजणी करून घ्या आणि तुमच्या वडिलांच्या वाट्यातच बांधा. आत्याने नको म्हटलं, तर ‘नको’ ऐका आणि जागा बदला.

वाटप होईपर्यंत थांबणं शक्य नसेल, तर तिघांच्या लेखी संमतीने सगळा सांगाडा नटबोल्टचा करा, साइटवर वेल्ड करून एकजीव करू नका. तुम्ही फॅब्रिकेशनमधले आहात, हात शिवशिवतील, तरी नको. बोल्टची शेड उद्या उकलून दुसऱ्या गटात नेता येते. आणि ८० फूट एकदम नको. दोन चौकटींमधला एक गाळा १६ फुटांचा धरून तीन गाळे, म्हणजे ४० बाय ४८ आधी. शेवटची चौकट पूर्ण ताकदीची ठेवा, पुढचे दोन गाळे तिला नंतर जोडता येतील.

कोब्याची घाई करू नका. वरची दोन-अडीच फूट काळी माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून रोलरने दाबा, आणि त्यावर एक पावसाळा जाऊ द्या. पत्र्याचं पाणी पन्हाळीतून भिंतीपासून लांब सोडा. दिवाळीनंतर, भराव बसला की, जाळी टाकून सहा इंचांचा कोबा घाला आणि दुसऱ्याच दिवशी बारा-बारा फुटांवर सांधे कापून घ्या.

दोन खड्ड्यांत किती फुटांवर काय लागलं, ते आखाजीनंतर मला कळवा. फोटो पाठवाल तेव्हा खड्ड्यात टेप धरलेला असू द्या.